लोण्याच्या मागे

फ्रिजच्या दारात, लोण्याच्या मागे,
फिलोमेना चॉकलेट लपवायची.
मी ते शोधायचो, ती मला पकडायची,
आणि मग अर्धं अर्धं.
आता तिथे पेन असतं. निळं. लिहीत नाही.

रविवारी, चर्चहून आल्यावर
अर्धा तास ते टेबलावर काढून ठेवतो.
गारठा जाऊ दे, असं स्रेमोमने सांगितलंय.
औषधाच्या दुकानातली पोर, आईबाप कंबोडियाचे,
पण आख्ख्या कोलंबिया स्ट्रीटवर
माझं नाव नीट 'अदेलिनू' म्हणणारी
आता तीच काय ती उरलीय.
"पोट म्हणजे घड्याळ समजा," ती म्हणाली,
"मधे बेंबी. दर आठवड्याला काटा थोडा पुढे."
म्हणजे आज चार वाजलेत.

चाळीस वर्षं भट्टीत हात घातले.
बोटांना जाळ कळत नाही आता,
भाजलं तर वासावरून कळतं.
आणि ही केसाएवढी सुई!
पहिल्या खेपेला शर्ट वर धरून
वीस मिनिटं उभा होतो स्वयंपाकघरात,
दार वाजवून ठेवल्यासारखा.
टक्. मग दहापर्यंत मोजायचं.
मी पोर्तुगीजमध्ये मोजतो,
आठवर आलो की दर वेळी घाई होते.

पहिले दोन महिने वाईट गेले, खोटं कशाला बोलू.
पहाटे तीनला पिठाच्या पोत्याला टेकून
उमाळे गिळत राहायचो.
अंडी, दूध, किसलेली लिंबाची साल,
ज्या वासांवर घर उभं केलं,
दोन मुलींची लग्नं केली,
तेच अंगावर धावून यायचे.
मग एका मंगळवारी, कणीक मळताना,
लक्षात आलं, आत कोणी बोलत नाहीये.

लोकांच्या पोटात कावळे ओरडतात.
माझ्या पोटात कागारो होते,
साँव जोर्जच्या कड्यांवरचे समुद्रपक्षी,
अंधार पडला की तान्ह्या पोरांसारखे रडणारे.
नऊ वर्षांचा मी अमेरिकेला निघालो
तेव्हा तेही आले, तिकीट न काढता.
साठ वर्षं त्यांना घालत राहिलो:
पावाच्या कडा, साखरेचा चिकटा,
गिऱ्हाइकाने परत केलेलं,
गिऱ्हाइकाला न दिलेलं.
कधी उडून गेले, कळलंसुद्धा नाही.

ईस्टरला नातालियाने ताट वाढलं,
काठोकाठ, आईसारखंच.
मी म्हटलं, "मला भूक नाही गं."
म्हटलं आणि दचकलो.
हा आवाज माझा नव्हता.
मक्याची एक भाकर, आम्ही सहा पोरं,
आणि चुलीकडे तोंड करून बसलेली आई:
मला भूक नाही रे, खा तुम्ही.
रोज.
आमच्या घरात हे वाक्य
त्या दिवशी पहिल्यांदा खरं होतं.
नातालियाने विचारलं, काय झालं?
मिरपूड गेली डोळ्यात, म्हणालो.

तीन महिन्यांची साखर अकरावरून सातवर आलीय.
डॉक्टर खूश. पट्ट्याला नवी भोकं
मीच पाडली, पावाच्या टोच्याने, वाकडी.
मळलेल्या कणकेचा चिमूटभर गोळा
अजून जिभेवर ठेवतो; मीठ अजून कळतं.

मागच्या महिन्यात औषध आलंच नाही.
पंधरा दिवस. सगळ्या शहरात नव्हतं म्हणे.
दुसऱ्या शुक्रवारी रात्री
एक कागारो परत आला.
एकच. लांबून.
उठलो, पाणी प्यालो, पडून राहिलो ऐकत.
राग यायला हवा होता, तो आला नाही.
लहानपणीचं कोणी दारात यावं,
आणि आपल्याला आत घेता येऊ नये, तसं काहीतरी.

सोमवारी स्रेमोमचा फोन: आलंय.
गोड पावाचा एक लहानसा गोळा
तिच्यासाठी कागदात बांधला, अजून ऊन आहे.
जाता जाता फ्रिज उघडून
लोणी जरा पुढे ओढलं.
मागे जागा केली.